मध्य अमेरिकेची तिकिटे आणि आमचे संग्राहक

टपालाची तिकिटे जमविणाऱ्या मंडळींच्या एका छोटेखानी बैठकीस गेल्या महिन्यात आम्ही गेलो होतो. व्याख्याते आमचे जुने स्नेही. त्यांचा संग्रह मोठा, व्यासंग त्याहून मोठा, आणि आपले मत ठासून सांगण्याची हातोटी तर सर्वांत मोठी. नवशिक्याने कोणत्या देशांची तिकिटे जमवावी व कोणत्या देशांच्या वाटेस जाऊ नये, हा त्यांचा विषय होता. निषिद्ध देशांच्या यादीत त्यांनी अगदी आरंभीच मध्य अमेरिका घातली. "निकाराग्वा, होंडुरास, साल्वादोर, सगळा केर! पोरांच्या पाकिटांत भरावा आणि विसरून जावे," असा निकाल देऊन ते पुढे सरकले, व सभेने टाळ्या वाजविल्या. बैठक संपल्यावर एका उत्साही तरुण गृहस्थांनी आमच्या वहीतील एका साल्वादोरी तिकिटावर आपला मोबाइल फोन धरला. पापणी लवते न लवते तोच त्या यंत्राने देश, साल आणि किंमत सांगून टाकली. "ओळख पटली, सर," ते समाधानाने म्हणाले. "अस्सल की मागाहून छापलेले?" आम्ही विचारले. "चित्र तर तेच आहे ना, सर?" हे त्यांचे उत्तर.

एकाने न पाहताच फेकले, दुसऱ्याने पाहूनही पाहिले नाही. वरकरणी ह्या दोघांत महदंतर दिसते. परंतु दोघांचीही समजूत एकच आहे. तिकीट म्हणजे एक चित्र व त्याच्यापुढे लिहिलेला एक भाव, ही ती समजूत होय. ती आमच्या संग्राहकवर्गात इतकी मुरली आहे की, तिच्याविरुद्ध चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम आमच्या स्नेह्यांच्या निकालातील साधी चूक. मध्य अमेरिका हा काही एक देश नव्हे. निकाराग्वाने आपली पहिली तिकिटे 1862 साली काढली. त्यांवर डोंगराची शिखरे असून मधल्या शिखरावर, काठीच्या टोकास लावलेली स्वातंत्र्याची टोपी आहे. कोस्टा रिकाची तिकिटे 1863 साली, होंडुरासची 1866 साली, एल साल्वादोरची 1867 साली निघाली. साल्वादोरच्या त्या पहिल्या तिकिटावर धुमसणारा ज्वालामुखी व वर ताऱ्यांची रांग आहे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन बँक नोट कंपनीने ते इतके नाजूक कोरले आहे की, भिंगाखाली धरल्यावर धुराचे पदरही मोजावे. ग्वाटेमालाने 1871 साली आपली तिकिटे पॅरिसहून छापून आणली, व 1879 साली लांब शेपटीचा केत्साल पक्षी तिकिटावर बसविला. तो तेथून पुढे त्या देशाची खूणच होऊन बसला. ज्या व्यवहारामुळे मध्य अमेरिकेच्या तिकिटांस बट्टा लागला, त्या व्यवहारात ग्वाटेमाला व कोस्टा रिका हे देश कधी पडलेच नाहीत. मग ते आमच्या स्नेह्यांच्या केराच्या टोपलीत कसे पडले? शेजाऱ्याच्या घरी चोर सापडला म्हणून सगळी आळी चोरांची ठरविणे, असाच हा न्याय झाला.

आता तो व्यवहार. 1889 साली न्यूयॉर्कच्या हॅमिल्टन बँक नोट कंपनीचा प्रतिनिधी निकोलस सीबेक हा मध्य अमेरिकेत उतरला व त्याने एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वा ह्या सरकारांशी करार केले. दक्षिणेकडील एक्वादोरही पुढे त्यात आले. कराराचा मसुदा थोडक्यात असा: कंपनीने दरवर्षी नव्या चित्रांची तिकिटे छापून सरकारास फुकट द्यावी, वर्ष संपताच ती रद्द व्हावी, न खपलेली तिकिटे कंपनीस परत मिळावी, आणि मूळ ठशांवरून संग्राहकांसाठी हवी तितकी पुन्हा छापून विकण्याची तिला मुभा असावी. म्हणजे सरकारास छपाईचा एक पैसा खर्च नाही, आणि कंपनीस जगभरच्या अल्बमांची बाजारपेठ मोकळी. नवी चित्रे दरसाल हवीत म्हणून कधी कोलंबसाचे भूमिदर्शन, कधी राष्ट्राध्यक्षाची छबी, कधी राजचिन्ह, असा वार्षिक रतीब सुरू झाला. संग्राहकांनी प्रथम तो आनंदाने घेतला, व मागाहून, आपण फसलो असे ध्यानात येताच, आरडाओरड केली. 1895 साली लंडनमध्ये अशा सट्टेबाज तिकिटांच्या निर्मूलनार्थ एक संस्थाही निघाली; ती थोड्याच काळात आटोपली. सीबेक 1899 साली वारला. त्याचे नाव मात्र आजही शिवीसारखे उच्चारले जाते.

आमचा प्रश्न असा की, ह्या सर्व प्रकरणी अपराधी कोण? साल्वादोरचे सरकार गरीब, लोकसंख्या थोडी, अक्षरओळख असणारे त्याहून थोडे. पोलादावर कोरलेली तिकिटे परदेशी छापून आणणे हा त्यास जडच खर्च. तो कोणी फुकट करून देतो म्हटल्यावर ते नाही कशास म्हणेल? तिकिटे खरोखरीच पत्रांवर लागली, पत्रे खरोखरीच पोहोचली. सीबेक व्यापारी होता आणि व्यापाऱ्यासारखा वागला. पण त्याने मांडलेल्या दुकानात गिऱ्हाईक कोण होते? अल्बममधील रिकामे चौकोन भरल्यावाचून ज्यांना झोप येत नव्हती, आणि पत्रावर न लागलेले कोरे करकरीत तिकीट म्हणजे सौभाग्याचे लेणे असे ज्यांनी ठरविले होते, तेच ते संग्राहक. मागणी आमची, माल त्याचा, आणि बदनामी मात्र तिसऱ्याच्या कपाळी! आज जगातील बहुतेक टपालखाती हेच करीत आहेत. आमच्या देशाचे टपालखाते दरसाल जी देखणी तिकिटे काढते, त्यांतील किती पत्रास चिकटतात व किती थेट वहीत जातात, ह्याचा विचार प्रत्येक संग्राहकाने आपल्या मनाशी करावा. सीबेकचा गुन्हा इतकाच की, त्याने हे फार लवकर केले.

ह्याचा अर्थ सीबेकच्या पुनर्मुद्रणांची आम्ही भलामण करतो असा नव्हे. ती कधीही टपालात गेली नाहीत. त्यांस फारशी किंमत असू नये हे आम्हांस मान्य. परंतु म्हणूनच तर ओळखण्याचे काम येथे अगत्याचे होते, आणि म्हणूनच ते मोबाइल फोनास जमत नाही. इतर देशांच्या तिकिटांत खोटे तिकीट कोणी तरी खोट्या ठशावरून करतो. त्याची रेघ कोठे तरी चुकते, आणि चित्राची तुलना करता ती चूक सापडते. येथे ठसा तोच, रेघ तीच. चित्र खोटे नाहीच. फरक चित्राच्या खाली व मागे आहे: कागदाच्या जाडीत, त्याच्या विणीच्या दिशेत, डिंकाच्या रंगात व चकाकीत. बोटाच्या टोकाने चाचपून, तिरप्या उजेडात धरून, पाठ फिरवून पाहावे लागते. 1896 च्या सुमाराच्या साल्वादोरी तिकिटांपैकी काहींच्या कागदात स्वातंत्र्याच्या टोपीचे पाणचिन्ह आहे, काहींच्यात नाही. ते समोरून टिपलेल्या छायाचित्रात दिसेल कसे? समोरून सगळीच गोजिरवाणी.

शिक्का असला म्हणजे तिकीट वापरले गेले, अशी एक भाबडी समजूत आहे. न खपलेल्या गठ्ठ्यांवर शिक्के मारून ते 'वापरलेले' म्हणून विकण्याची युक्ती व्यापाऱ्यांस फार पूर्वी सुचली होती. तिकिटावर शिक्का आहे आणि पाठीमागचा डिंक मात्र जसाच्या तसा आहे, तर ते पत्रास कधी लागलेच नाही हे उघड आहे. शिक्का पाहून भागत नाही. तो वाचावा लागतो. गाव कोणते? तारीख कोणती? सीबेकची तिकिटे वर्षापुरतीच चालत असल्यामुळे तारखेची साक्ष येथे विशेष मोलाची. 1892 च्या तिकिटावर 1898 चा शिक्का दिसला तर कपाळास आठी पडलीच पाहिजे. असे चौकशी करणारे डोळे असले की, तुच्छ मानलेल्या ह्याच तिकिटांत खरोखर टपालातून गेलेली तिकिटे किती थोडी आहेत हे उमगते. आणि ज्या पाकिटावर ते तिकीट अद्याप चिकटलेले आहे असे पाकीट हाती येणे म्हणजे तर पर्वणीच.

साल्वादोरच्या 1895 च्या मालिकेविषयी थोडे अधिक लिहिण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. कार्लोस एझेता ह्या सेनापतीने 1890 साली तेथील सत्ता बळकावली. 1893 पासून त्याची मुद्रा तिकिटांवर दिसू लागली. पुढील मालिकाही त्याच्याच छबीची न्यूयॉर्कात तयार झाली. पण 1894 साली एझेताचे पारडे फिरले व तो पदच्युत झाला. आता नव्या वर्षाची तिकिटे तर हवीत, आणि त्यांवर पळालेला सत्ताधीश! तेव्हा त्याच्या तोंडावरच देशाचे राजचिन्ह छापून ती 1895 साली चालविण्यात आली. आम्ही हे तिकीट विद्यार्थ्यांस अनेकदा दाखविले आहे. क्रांतीवर लिहिलेली पाने वाचून जे त्यांच्या ध्यानात येत नाही, ते हा शाईखाली गुदमरलेला सेनापती पाहून चटकन येते. सत्ता बदलली, छापखान्याचा करार बदलला नाही. हाही आमच्या स्नेह्यांच्या मते केरच!

अधिमुद्रणांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. कोस्टा रिकाच्या वायव्येस ग्वानाकास्ते नावाचा प्रांत आहे. हा 1824 साली त्या देशास येऊन मिळाला. राजधानीपासून दूर, हवा अशी की डिंक टिकत नाही. सबब तेथील लोकांस तिकिटे दर्शनी किमतीहून थोड्या कमी दराने मिळत. स्वस्त घेतलेली ही तिकिटे कोणी राजधानीत नेऊन पुऱ्या भावाने विकू नयेत, म्हणून 1885 पासून काही वर्षे त्यांवर प्रांताचे नाव छापण्यात आले. निकाराग्वाचे उदाहरण ह्याच जातीचे. अटलांटिक किनाऱ्याचा मुलूख 1894 साली राष्ट्राध्यक्ष सेलाया ह्याने देशात सामील करून घेतला. पण तेथे चांदीचे नाणे चाले व उरलेल्या देशात घसरलेली कागदी नोट. एकाच देशात दोन भावांचे पैसे, म्हणून तिकिटांवरही भेद करणे भाग पडले. ब्लूफील्ड्स आणि काबो ग्रासियास आ दियोस येथील अधिमुद्रित तिकिटे ह्या अडचणीतून जन्मली. अर्थशास्त्राचे प्राध्यापक ज्या गोष्टीवर तासभर बोलतील ती गोष्ट एका अक्षराच्या काळ्या ठशात सामावली आहे.

साहजिकच लबाडांचे लक्ष येथेच गेले. साध्या तिकिटावर चार अक्षरे उमटविली की त्याची किंमत अनेक पटींनी वाढते, हे समजण्यास फार बुद्धी लागत नाही. मेक्सिकोतील मेरिदा येथे राहणारा राउल द थुइन हा ह्या विद्येतील आचार्यच म्हटला पाहिजे. लॅटिन अमेरिकेच्या अधिमुद्रणांच्या व शिक्क्यांच्या त्याने केलेल्या नकला वर्षानुवर्षे चांगल्या चांगल्या संग्रहांत मानाने नांदल्या. अखेर 1966 साली अमेरिकेतील फिलाटेलिक सोसायटीने त्याची हत्यारेच विकत घेऊन त्याचा धंदा बंद केला, व 1974 साली त्याच्या करामतींवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. आमचा मुद्दा असा की, ज्यांना ग्वानाकास्ते कोठे आहे व तेथे तिकीट स्वस्त का होते हे ठाऊक नव्हते, ते ह्या जाळ्यात सर्वांआधी सापडले. नुसत्या चौकोन भरणाऱ्यास फसविणे सोपे असते; कारण त्याला चौकोन भरलेला हवा असतो, त्यात काय आहे ह्याची पर्वा नसते.

तिकीट वाचता येणे ही गोष्ट केवळ छंदापुरती आहे असेही कोणी समजू नये. अटलांटिक आणि पॅसिफिक जोडणारा कालवा निकाराग्वातून काढावा की पनामातून, ह्याचा निकाल अमेरिकेच्या सिनेटपुढे 1902 साली व्हावयाचा होता. पनामाचा कैवारी फ्रेंच स्थापत्यविशारद फिलिप ब्यूनो-वारिला ह्याने निकाराग्वाचे 1900 सालचे, धूर ओकणाऱ्या मोमोतोंबो ज्वालामुखीचे तिकीट वॉशिंग्टनच्या दुकानांतून धुंडाळून जमविले व प्रत्येक सिनेटरास एकेक पाठविले. निकाराग्वात जिवंत ज्वालामुखी आहेत, आणि हे सांगतो कोण, तर खुद्द निकाराग्वाचे सरकार! जूनमधील मतदानात पनामाची सरशी झाली. एका सेंटाव्होच्या तिकिटाने जगाचा नकाशा बदलला, असे सांगण्याची संग्राहकांत चाल आहे. ती आम्हांस अतिशयोक्त वाटते. मे महिन्यातच मार्तिनिक बेटावर मों पेले ज्वालामुखीने एक शहर गिळले होते, आणि पनामातील फ्रेंच कंपनीने आपली मागणी दहा कोटींहून अधिक डॉलरांवरून चार कोटींवर उतरविली होती. ह्या कारणांचे वजन तिकिटाहून जास्त. तथापि त्या फ्रेंच गृहस्थास तिकिटाकडे पाहता येत होते, एवढे तर कबूल करावेच लागेल. निकाराग्वाच्या 1937 च्या हवाई तिकिटावरील नकाशाचेही तसेच. होंडुरासच्या सरहद्दीचा जो भाग स्पेनच्या राजाने 1906 साली लवादाने होंडुरासकडे दिला होता, तो ह्या नकाशात 'वादग्रस्त प्रदेश' म्हणून दाखविला. होंडुरासात मोठा क्षोभ उसळला, आणि तो वाद हेगच्या न्यायालयात जाऊन 1960 साली कोठे मिटला. ज्या तिकिटामुळे दोन शेजारी हमरीतुमरीवर आले ते आमच्याकडे शंभर तिकिटांच्या रंगीत पाकिटात घालून पोरांस विकले जाते.

इतके लिहिल्यावर आमचा स्वतःचा अपराध लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमचे मामा मुंबईस एका निर्यात कचेरीत कारकून होते. पत्राने तिकिटांची अदलाबदल करण्याचा त्यांस नाद होता. आम्ही चौदा वर्षांचे असताना एका सुटीत त्यांनी आपल्या ट्रंकेतील काही वस्तू आमच्या हवाली केल्या. त्यांत एक पिवळसर जुने पाकीट होते. साल्वादोरमधील सांता आना गावाहून हांबुर्गास गेलेले. कोपऱ्यात सीबेकच्या मालिकेतील दोन तिकिटे, अर्धी तिकिटांवर व अर्धी पाकिटावर पडलेली शिक्क्याची काळी वर्तुळे. मामा म्हणाले, "हे तसेच ठेव हं, बाळ." का, ते त्यांनी सांगितले नाही, व आम्हीही विचारले नाही. अल्बममध्ये तिकिटांची जागा होती, पाकिटाची नव्हती. दुसऱ्याच दिवशी आईच्या तसराळ्यात कोमट पाणी घेऊन आम्ही ती तिकिटे सुटी केली, टिपकागदावर वाळविली आणि वहीत लावली. पाकीट भिजून चोळामोळा झाले होते. ते टाकून दिले. पुढच्या सुटीत मामांनी वही चाळली. त्या पानावर ते थोडे थांबले. "पाकीट कुठंय रे?" त्यांनी विचारले. आम्ही सांगितले. ते काही बोलले नाहीत. पान उलटून पुढची तिकिटे पाहू लागले.

ती दोन्ही तिकिटे आमच्यापाशी अजून आहेत. स्वच्छ आहेत, दातेरी कडा शाबूत आहेत. शिक्क्याची अर्धी वर्तुळे त्यांवर राहिली आहेत. गावाचे नाव व तारीख ज्या अर्ध्या भागात होती तो भाग पाकिटाबरोबर गेला. बैठकीत त्या तरुण गृहस्थांनी आपला फोन ज्याच्यावर धरला, ते त्यांतीलच एक. यंत्राने सांगितलेली किंमत काही आण्यांच्या पलीकडची नव्हती, आणि ती बरोबरच होती. ज्याने ते तिकीट अमोल झाले असते ते आम्हीच तसराळ्यात बुडविले. म्हणूनच आमच्या स्नेह्यांचे शब्द आम्हांस झोंबले. ते न पाहता फेकतात; आम्ही तर पाहून, निवडून, आवडीने धुऊन टाकले. केराचा कारखाना न्यूयॉर्कात होता असे आपण म्हणत आलो. त्याच्या लहान लहान शाखा आमच्या घरोघरी आहेत.

तेव्हा आमच्या स्नेह्यांस जाहीर विनंती अशी की, निकाराग्वा, होंडुरास व साल्वादोर यांचा जो केर त्यांच्या कपाटात साठला असेल, तो पोरांच्या पाकिटांत न भरता आमच्या पत्त्यावर पाठवावा. तिकिटे पाकिटांवर चिकटलेली असतील तर ती सोडविण्याचे श्रम त्यांनी मुळीच घेऊ नयेत. टपालखर्च आम्ही सोसू. मात्र पुडक्यावर छापील शिक्का नको, खरी तिकिटे लावावी. आणि टपालकचेरीतील कारकुनास सांगून त्यांवर तारीख स्वच्छ उठवून घ्यावी.